वाढत्या मापाचा फ्रॉक

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानाला दारं दोन. रस्त्याकडच्या दारातून कापड आत यायचं आणि कपडा होऊन बाहेर जायचं. मागच्या दारातून रोज दुपारी नात आत यायची, आणि संध्याकाळी बाहेर पडताना ती थोडी जास्तच होऊन जायची.

नात चार वर्षांची. पाळण्यातलं नाव पाळण्यातच राहिलं, सगळे तिला भिंगरी म्हणत. पायावर उभी राहिली त्या दिवसापासून तिला गिरक्या घ्यायचं वेड. ती गरगर फिरायची, फ्रॉकचा घेर छत्रीसारखा उघडायचा, आणि मास्तर मशीनवरचा पाय थांबवून बघत बसायचे. सदऱ्याला जिथे बाही लावायची तिथे त्या नादात त्यांनी एकदा खिसा लावला होता.

हल्ली मात्र भिंगरी फिरत नसे. चिंध्यांच्या ढिगावर ती गादीवर बसलेल्या शेठाणीसारखी बसे, दोन्ही हात मांडीवर ठेवी आणि तोंड उघडी. मास्तर पावाला लोणी फासत, वर साखर भुरभुरवत आणि मशीनच्या ठेक्यावर म्हणत:

*घास घे गं सुईचा, नाकात तिच्या दोरा,*
*भिंगरीच्या गालावर केवढा बाई तोरा!*

तोंड मिटे. चावून होई. पुन्हा उघडे.

*कात्रीचे पाय दोन, चालते तुरुतुरु,*
*घास घे गं भिंगरे, नको कुरकुरू!*

ती कुरकुरत नव्हतीच. कुरकुरणारी पोरं वेगळी असतात, त्यांच्या आया ताटली घेऊन अंगणभर धावतात. भिंगरीच्या मागे कुणाला कधी धावावं लागलं नाही. ती स्वतःच ताटलीच्या मागे असे.

मास्तरीणबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून दुकानात मास्तरांशी बोलायला मशीन तेवढं होतं, आणि तेही एकच वाक्य बोलायचं. भिंगरी येऊ लागली आणि दुपारला तोंड फुटलं. सकाळभर मास्तर घड्याळाकडे बघत काजं करायचे, आणि पाळणाघराची सुटण्याची वेळ झाली की गळ्यात टेप तशीच ठेवून गल्लीच्या टोकाला धाव घ्यायचे. टेपची दोन टोकं वाऱ्यावर उडायची. लांबून वाटायचं, कुणीतरी म्हातारा पतंग होऊन निघालाय.

नातीचे फ्रॉक मास्तर नेहमी वाढत्या मापाचे शिवत. म्हणजे कडेच्या शिलाईत आत कापड दुमडून ठेवायचं, खालच्या पट्टीतही ठेवायचं, आणि मूल वाढलं की उसवून ते सोडायचं. आयुष्य या धंद्यात गेलं होतं, त्यामुळे मूल वर वाढतं आणि आधी खालची पट्टी उसवावी लागते हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. भिंगरीच्या फ्रॉकची खालची पट्टी जशीच्या तशी होती. कडा मात्र काखेत काचू लागल्या.

"टेप आटली वाटतं," मास्तर स्वतःशी म्हणाले. त्यांनी नवी टेप आणली. तीही आटलेलीच निघाली.

मग एका दुपारी पोर चिंध्यांवर झोपलेली असताना त्यांनी फ्रॉकची कड अलगद उसवली, आतलं कापड जरासं सोडलं आणि पुन्हा टीप मारली. कुणाला कळलं नाही. पुढच्या महिन्यात आणखी जरासं. मग आणखी. कड संपली तेव्हा त्याच कापडाची एक निमुळती पट्टी त्यांनी काखेखाली अशी बेमालूम बसवली की नवऱ्यामुलाच्या कोटालाही इतकी सफाई कधी लाभली नसेल. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. फ्रॉक घट्ट झाला की लेक विचारणार, लेकीने विचारलं की पाव-लोणी बाहेर येणार, आणि पाव-लोणी बाहेर आलं की दुपार हातची जाणार. म्हणून मास्तर उसवत राहिले, शिवत राहिले, आणि फ्रॉक बिचारा तोंड दाबून सगळं सोसत राहिला.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि नंबर काढून द्यायची. अख्ख्या गावाची नजर तपासणारी ही बाई, पण घरातलं पोर तिला रोज त्याच फ्रॉकमध्ये रोज तसंच दिसायचं. फ्रॉक होतोय म्हणजे पोर आहे तेवढंच आहे. आई यापेक्षा वेगळं काय समजणार?

मग पुढच्या वर्षासाठी शाळेत नाव घालायची वेळ आली आणि शाळेने डॉक्टरकडून तपासून आणायला सांगितलं.

त्या संध्याकाळी रस्त्याकडचं दार धाडकन उघडलं. लेक आत आली. एका हातात भिंगरी, दुसऱ्या हातात तिचा काढलेला फ्रॉक. भिंगरी आईच्या शालीत गुंडाळलेली, एखाद्या छोट्या राणीसारखी खूश.

"बाबा, काटा बघून डॉक्टरीणबाईंनी दोनदा चष्मा पुसला," लेक म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. फ्रॉक अजून गेल्या वर्षीचाच होतोय हिला! त्यांनी फ्रॉक उलटा करून माझ्या हातात दिला."

तिने तो टेबलावर उलटा पसरला. कडेला सुईच्या जुन्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या, एकीच्या बाहेर एक. ओहोटीचं पाणी मागे सरताना वाळूवर रेघा ठेवून जातं तशा.

"हे काय आहे?"

मास्तरांनी चष्मा लावला. फ्रॉक जवळ घेतला, लांब धरला.

"नक्षी," ते म्हणाले.

"बाबा!"

"हल्ली असतं असं. आतून."

"आणि ही काखेतली पट्टी?"

"हवा खेळायला."

लेकीने त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर मशीनमागे सरकले. भिंगरीने शालीतून हात बाहेर काढला, आजोबांचा अंगठा धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, भूक लागली."

त्याच रात्री दुकानात पंचायत बसली. बसायला जागा कुठे? कच्च्या टाक्याच्या कोटांमध्येच जो तो टेकला. भिंगरीचा बाप बसचालक, तो वर्दीतच आला होता. पाळणाघरवाल्या काकू पदर खोचूनच आल्या, जणू भांडण आधीच सुरू झालंय आणि आपल्याला उशीर झालाय. आणि वरच्या मजल्यावरची आत्या, म्हणजे जावयाची थोरली बहीण. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली की मास्तर भिंगरीला तिच्याकडे पाठवत. ती येताना बशीत बिस्किटं घेऊन आली होती.

"आत्या, बशी झाका," लेक म्हणाली. "आता एकेकाने सांगा. कोण काय देतं? खरं खरं."

"मी काय देणार?" जावई म्हणाला. "पहाटे माझी बस. दूध आणि केळं. झालं."

"बस?"

"आणि अंडं."

"आणखी?"

"ती माझ्या पावाकडे बघते गं! मी काय राक्षस आहे, एकटा खायला?"

काकूंनी मान हलवली. "बघा, हे मला कुणी सांगितलं का? माझ्या दारात आली की विचारते, सोन्या, खाल्लंस का? ती म्हणते, नाही. मला वाटतं, बाप बस चालवतो, आई नंबर काढते, लेकरू उपाशी. मग मी नाश्ता देते आणि दुपारी जेवण. माझं पाळणाघर आहे ताई, उपास करायची जागा नाही."

"बाबा?"

"मी नुसतं वरचं देतो," मास्तर पुटपुटले.

"वरचं म्हणजे?"

"जेवणाच्या वरचं."

"आणि माझ्याकडे येते ना," आत्या पुढे सरसावली, "तेव्हा पोर अगदी सुकलेली असते."

सगळ्यांच्या माना भिंगरीकडे वळल्या. शालीतून दोन गाल आणि एक हनुवटी बाहेर आली होती. हनुवटीखाली तिला सोबत म्हणून आणखी एक हनुवटी होती.

"कुठे सुकलेली, ताई?" जावयाने विचारलं.

"डोळ्यांत रे, वेड्या! डोळ्यांत सुकलेली असते. तुला नाही कळायचं."

"आणि रात्री?" काकूंनी लेकीला कोपरखळी मारली. "ताई, तुमचं राहिलं."

लेक जराशी अडखळली. "मी घरी आले की विचारते, जेवलीस का. ती म्हणते, नाही. मग आपलं पानावर बसवते."

"म्हणजे सगळ्यांनी विचारलं," मास्तर हळूच म्हणाले, "आणि सगळ्यांना ती नाहीच म्हणाली."

आता सगळे भिंगरीभोवती वाकले. बापाने विचारलं, "काय गं ठमाकाकू, आजोबांकडे पाव खाल्लास ना आज?"

"हो."

"मग आत्याला नाही का म्हणालीस?"

भिंगरीला प्रश्नच कळला नाही. मोठी माणसं कधीकधी फारच मंद असतात, तेव्हा त्यांना सावकाश सांगावं लागतं. तिने सावकाश सांगितलं.

"आत्याकडे नव्हतं खाल्लं. आत्याकडचं राहिलं होतं."

पोर खोटं बोललं नव्हतं. तिच्या लेखी घर तितकी पोटं होती. बाबाचं पोट सकाळी भरायचं, काकूंचं दुपारी, आजोबांचं त्यानंतर, आत्याचं दिवेलागणीला आणि आईचं रात्री. एकाचं भरलं म्हणून दुसऱ्याचं रिकामं ठेवायचं, हा कुठला न्याय?

आत्याला रडू आलं. रडता रडता तिने बशीतलं एक बिस्किट उचलून स्वतःच खाल्लं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या," लेकीने डोळे पुसत सांगितलं, "उपाशी ठेवायचं नाही, चिडवायचं नाही. काटा आहे तिथे थांबला पाहिजे. उंची वाढेल, मग अंग आपोआप बेताचं होईल. पावसाळा संपला की पुन्हा बोलावलंय." मग ती वडिलांकडे वळली. आवाज खाली आला, आणि आवाज खाली आला की मास्तरांना जास्त भीती वाटे. "तेव्हा काटा वर गेलेला दिसला तर मी हिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत काकूंकडेच ठेवणार. एक हात, एक चूल. दुपार बंद, बाबा."

मास्तरांनी मशीनवर झाकण घातलं.

सकाळी मात्र त्यांनी कात्री हातात घेतली. माणसाला जे येतं त्यानेच तो संकटाला भिडतो. गवंडी भिंत बांधतो, शिंपी काज करतो. मास्तरांनी भिंगरीला एक नवा फ्रॉक शिवला. छातीवर मोठी मोठी चार बटणं, चार रंगांची. पिवळं बाबाचं, हिरवं काकूंचं, लाल आजोबांचं, निळं आईचं. सकाळी चारही उघडी. ज्याने खायला घातलं त्याने आपलं बटण लावायचं. पुढच्याने पोराला विचारायचंच नाही, फ्रॉकला विचारायचं.

"आणि माझं बटण?" आत्या वरून खाली आली.

"आत्याबाई, दिवेलागणीला खायचं काही कारणच नाही."

"म्हणजे मी परकी! पोर माझ्या भावाचं, आणि बटण जगाला!"

मास्तरांनी तिच्यासाठी एक जांभळं बटण लावलं. पण त्याला काज ठेवलं नाही. नुसतं शोभेचं. आत्या ते रोज दाबून बघायची आणि तिला बरं वाटायचं.

पहिले काही दिवस झकास गेले. पिवळं लागायचं, हिरवं लागायचं, लाल लागायचं. लोणी-साखर जाऊन लालच्या वाट्याला सफरचंदाच्या फोडी आल्या होत्या, आणि भिंगरीने त्यांच्याकडे परक्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघून त्या खाल्ल्या होत्या. मग एक दिवस काकूंकडून येताना हिरवं बटण उघडं दिसलं.

"काकूंकडे जेवली नाहीस?"

भिंगरीने फ्रॉककडे बोट दाखवलं. फ्रॉक खोटं बोलतो का?

मास्तर फोडींची बशी मोठी करणार, तेवढ्यात त्यांची नजर काजावर गेली. काजाचा दोरा पिंजला होता. मोठ्या माणसाने दिवसातून एकदा बटण लावलं तर काज असं पिंजत नाही. असं काज तेव्हाच पिंजतं जेव्हा जाडजूड, चिमुकली, फार मेहनती बोटं ते पुन्हा पुन्हा उघडतात.

"भिंगरे."

"काय?"

"बटण कुणी उघडलं?"

"आपोआप."

रात्री मास्तरांनी चारही बटणं पाठीवर नेली. आता कशी उघडशील, बाईसाहेब? भिंगरीने आधी हात मागे नेऊन बघितले. मग दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली, गायीसारखी. मग ती चिंध्यांवर बसून विचारात पडली. त्या दुपारी शाळेतले चित्रकलेचे सर कोटाचं माप द्यायला आले. मास्तर पडद्याआड खडू शोधत होते. बाहेर गोड आवाज आला.

"काका, माझं बटण टोचतंय. काढता का?"

"अरेरे, कुठलं गं राजा?"

"सगळीच टोचताहेत."

मास्तर पडद्यातून खडूसकट धावत बाहेर आले. "सर! हात वर करा!"

सरांनी घाबरून दोन्ही हात वर केले. मास्तरांनी तेवढ्यात त्यांच्या छातीचं माप घेऊन टाकलं, कारण उभं राहिलंय गिऱ्हाईक तर वाया का घालवा. मग भिंतीवर पाटी लागली: *कृपया मुलीची बटणं काढू नयेत.* वाचून एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

एवढं सगळं झालं, पण खरी अडचण दुसरीच होती. लाल बटण लागलं, फोडी संपल्या, की पुढे अख्खी दुपार उरायची. भिंगरी चिंध्यांवर बसायची, हात मांडीवर ठेवायची आणि तोंड उघडायची. उघडं तोंड आणि रिकामी बशी यांच्यामध्ये मास्तर बसायचे. डब्यात लोणी होतं. डबा हाताच्या अंतरावर होता. नुसतं बोट बुडवलं तरी कुणाला कळणार होतं?

त्यांचा हात डब्याकडे गेला. झाकणावर टेकला. मग त्यांना लेकीचा तो खाली आलेला आवाज ऐकू आला, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी हात तिथेच ठेवून नुसतं म्हणायला सुरुवात केली.

*घास घे गं दोऱ्याचा, रिळावरून पळाला,*
*भिंगरीच्या गावचा रस्ता त्याला कळाला!*

भिंगरीने तोंड मिटलं. आणि चावू लागली. सावकाश, गाल फुगवून, डोळे मिटून ती काहीच नसलेला घास मन लावून चावत होती. मग तिने तो गिळला.

"आणखी," ती म्हणाली. "आता बटणाचा."

मास्तरांचा हात डब्यावरून गळून पडला. वर्ष-दीड वर्ष ते पोरीच्या तोंडात पाव भरवत होते, आणि पोर पावाला लावलेलं गाणं खात होती! गाणं घासाशिवाय मिळतच नाही असं तिला वाटत होतं, आणि ते खरंच होतं. या दुकानात घास संपला की गाणं संपायचं, आणि मशीन आपलं एकच वाक्य बोलायला लागायचं. म्हणून पोर 'भूक लागली' म्हणायची. दुसरं काय म्हणणार? गाण्याच्या भुकेला वेगळा शब्द तिला कुणी शिकवला होता?

मास्तरांनी बटणाचा घास दिला. मग काजाचा, अस्तराचा, इस्त्रीच्या वाफेचा. भिंगरीने सगळे खाल्ले आणि शेवटी ढेकर दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तयार कपड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकलं. आजवर गिऱ्हाइकं दुकानात यायची, आता मास्तर कपडे घरपोच देऊ लागले. भिंगरीचा हात हातात, टेप गळ्यात.

*पाय टाक भिंगरे, रस्ता झाला फीत,*
*टोकाला पोचू तेव्हा संपेल माझं गीत!*

तिला गीत संपायला नको असायचं, म्हणून ती टोक यायच्या आधीच दुसऱ्या गल्लीत वळायची. मास्तर तिच्यामागे. अशाने चित्रकलेच्या सरांचा कोट त्यांच्या घरी पोचायला गावाला प्रदक्षिणा घडली. मास्तरांना धाप लागायची, मग भिंगरी पायरीवर बसून म्हणायची, "आजोबा, तुम्ही नुसतं गा, श्वास नंतर घ्या."

घरोघरी दारात बायका म्हणायच्या, "अय्या, मास्तरांची नात! थांब हं, गोळी देते." भिंगरी अशा वेळी गर्रकन वळून त्यांना पाठ दाखवायची. पाठीवरची बटणं लागलेली असायची.

"दुकान बंद आहे," ती अभिमानाने सांगायची.

पावसाळा सरला, आणि तपासणीचा दिवस आला.

मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं. आदल्या दिवशी त्यांनी मलमलीचा इतका हलका फ्रॉक शिवला होता की हँगरवर तो टिकेना, पंख्याच्या वाऱ्याने उडायचा. खिसा नाही, लेस नाही, बटणाऐवजी सुती बंद. दवाखान्याच्या बाकावर ते लेकीशेजारी बसले. मास्तर मनात हिशेब करत होते: आज केस कापायला हवे होते का?

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला काट्यावर उभं केलं. काटा निघाला. चढला. गेल्या वेळच्या खुणेशी आला. मास्तरांनी श्वास रोखला, जणू त्यांच्या श्वासाचं वजनही त्यात धरणार होते. काटा खुणेवर क्षणभर घुटमळला आणि ती ओलांडून पुढे गेला.

लेकीने डोळे मिटले. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली आणि बोटाला गुंडाळायला लागले, पुन्हा पुन्हा, घट्ट. उद्याची दुपार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्यात नुसतं मशीन होतं.

"घाबरू नका एवढं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या. "बाळ, तुझे मोजे असे का फुगलेत गं?"

भिंगरीने मोठ्या ऐटीत एक मोजा ओढून काढला. खळखळ खळखळ बटणं फरशीवर सांडली. पिवळी, हिरवी, पितळी, लाकडी, कोटाची, गणवेशाची, हाताच्या अंगठ्याएवढी. दुसरा मोजा ओढला. त्यातूनही. मास्तरांचा बटणांचा डबा सकाळी का हलका लागला होता, ते आता कळलं.

"हे काय?" आई किंचाळली.

"आजोबांनी फ्रॉकला बटणंच नाही लावली," भिंगरी म्हणाली. "मग डॉक्टरना कसं कळणार माझं जेवण झालंय? त्यांनी खायला दिलं असतं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. काटा हालला, मागे आला, आणि जुन्या खुणेवर येऊन शहाण्यासारखा थांबला. मग त्यांनी भिंगरीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी धरली.

"वजन तेवढंच. उंची चांगली वाढलीय," त्या म्हणाल्या. "मला हवं होतं ते हेच. काय केलंत?"

लेकीने वडिलांकडे बघितलं. मास्तर गुडघ्यांवर बसून बाकाखालची बटणं वेचत होते. एका बटणासाठी त्यांनी पार डोकं आत घातलं होतं. ते लवकर बाहेर आलं नाही.

"बाबा," लेक म्हणाली.

"हं." आवाज बाकाखालून आला.

"उद्या दुपारी तिला आणायला उशीर करू नका. काकूंना जेवायला बसायचं असतं."

बाकाखालून एक सुस्कारा आला आणि मग नाक ओढल्याचा आवाज. "धूळ फार आहे इथे," मास्तर म्हणाले.

"आणि हा फ्रॉक?" लेक भिंगरीकडे निरखून बघत होती. सगळ्या गावाची नजर तपासणाऱ्या त्या बाईला आता नीट दिसत होतं. "गुडघ्यांच्या वर गेलाय. कालच शिवलात ना? आखूड कसा?"

मास्तर बाहेर आले. चष्म्यावर धूळ, मुठीत बटणं. त्यांनी जुन्याच उंचीचं माप धरलं होतं. त्यांनी भिंगरीच्या फ्रॉकची खालची पट्टी दोन बोटांत धरली. आत दुमडलेलं कापड होतं. सवयच तशी. वाढत्या मापाचा होता.

"या वेळी इथून उसवतो," ते म्हणाले. "कडेला हातही लावणार नाही."

"उसवलेलं मला दाखवायचं."

"दाखवतो की. नक्षी नाही काढत."

भिंगरीला पट्टी-बिट्टीशी काही कर्तव्य नव्हतं. समोर मोठी थोरली गुळगुळीत फरशी होती, पायांत मोजे नव्हते, अंगात मलमल होती. तिने हात पसरले आणि गिरकी घेतली. फ्रॉकचा घेर उघडला. उरलीसुरली दोन बटणं कुठूनतरी निसटून भिंतीवर आदळली, आणि डॉक्टरीणबाई टेबलामागे झाल्या.

"आजोबा," ती फिरता फिरता ओरडली, "भूक लागली! फिरायच्या घासाचं म्हणा!"